सहवेदना कुणाला कळवायची? एका पारिभाषिक शब्दाचं प्रकरण

रेकॉर्डिंग निम्म्यावर आलं होतं. काचेपलीकडे निवेदिका हेडफोन लावून बसल्या होत्या, समोर संहितेची पानं. चौथ्या पानावर त्या अडल्या. पान जरा लांब धरून पुन्हा वाचलं आणि माइकवरून म्हणाल्या, "ताई, ही सहवेदना कुणाला कळवायचीय? कोण गेलं?"

ध्वनिमुद्रक खो खो हसला. मला हसू आलं नाही, कारण तो शब्द माझा होता.

काम असं होतं: शाळेतल्या मुलांसाठी मराठीत विज्ञानाचे छोटे व्हिडिओ. त्यातला आठ मिनिटांचा एक भाग, आपली इंद्रियं एकमेकांशी कशी जुळवून घेतात यावर. संहिता नुकतीच एम.एस्सी. झालेल्या एका मुलाने लिहिलेली, भाषा तपासण्याचं काम माझ्याकडे. त्याच्या मसुद्यात हे वाक्य होतं:

"ओठ 'गा' म्हणताना दिसतात, आवाज 'बा' असा येतो आणि आपल्याला ऐकू येतं 'दा'. दोन इंद्रियांच्या अशा एकत्र येण्याला सिनेस्थेशिया म्हणतात."

मी 'सिनेस्थेशिया'वर काट मारली आणि वर 'सहसंवेदना' लिहिलं. ग्रीकमध्ये 'सिन्' म्हणजे सह, 'ऐस्थेसिस' म्हणजे संवेदन. तुकड्यासमोर तुकडा ठेवला की शब्द तयार. भाषांतर करणाऱ्याला असं काही नीट जुळलं की मोठं समाधान वाटतं, आणि त्या समाधानात पुढचं तपासायचं राहून जातं. वाक्यात दोन चुका होत्या. एक मी घातलेली. दुसरी आधीपासून होती आणि शब्दाच्या नादात माझं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

माझी चूक

'संवेदना' हा शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकात थंड डोक्याने वागतो: स्पर्शाची संवेदना, उष्णतेची संवेदना. पुस्तकाबाहेर पडला की लगेच हळवा होतो. संवेदनशील मन, बोथट झालेल्या संवेदना. आणि त्याला 'सह' जोडायचा अवकाश, थेट श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर जाऊन बसतो. 'कुटुंबीयांच्या दुःखात आमच्या सहवेदना' हे आपण चौकाचौकात इतकं वाचलंय, की 'सहसंवेदना' समोर आलं तरी मधला 'सं' डोळा गिळून टाकतो. निवेदिकांनी नेमकं तेच वाचलं. पाचवीतला मुलगाही तेच वाचणार.

बरं, दुसरं काय लिहायचं? 'इंद्रियव्यत्यय' सुचलं. संस्कृतात व्यत्यय म्हणजे उलटापालट, त्यामुळे शब्द चपखल; पण आजच्या मराठीत व्यत्यय येतो तो वीजपुरवठ्यात, आणि मंडळ त्याबद्दल दिलगीर असतं. 'संवेदनासंकर' पाहिला. संकर म्हटलं की संकरित बियाणं, संकरित गाय. तो मी बाजूला ठेवला, पण टाकला नाही. त्याचं काम पुढे पडलं.

या कुळातला एक शब्द आपल्या घराघरांत आहे: ॲनेस्थेशिया. तिथेही तेच 'ऐस्थेसिस', फक्त पुढे नकार. तुकड्यासमोर तुकडा ठेवला असता तर 'असंवेदन' झालं असतं, आणि ऑपरेशनच्या टेबलावर कुणी सुखाने झोपलं नसतं. मराठीने तिथे 'भूल' हा शब्द उचलला. भूल द्यायची, भूल उतरायची, भूलतज्ज्ञ यायचा. माणसांना रोज लागणारी गोष्ट होती म्हणून भाषेने स्वतःहून शब्द काढला. सिनेस्थेशियाला, म्हणजे आकडा पाहताच सोबत रंगही जाणवण्यासारख्या अनुभवाला, असा शब्द मिळाला नाही, कारण तो असणारी माणसं त्यासाठी दवाखान्यात जात नाहीत. बऱ्याच जणांना तर आपल्यात काही वेगळं आहे हेच माहीत नसतं. सगळ्यांनाच पाचाचा आकडा हिरवा दिसतो अशी त्यांची समजूत असते.

हे निवेदिकांना सांगत असतानाच मला दुसरी चूक दिसली. पाचाचा आकडा हिरवा दिसणं आणि 'बा'चा 'दा' ऐकू येणं या एकाच नावाच्या गोष्टी कशा?

बा, गा आणि दा

शब्दावर पुढे भांडण्यापेक्षा प्रकार डोळ्यांनी बघू म्हटलं. रेकॉर्डिंग थांबवलं. बाहेरच्या खोलीत त्या मुलाने मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ काढला, तोंड जवळून, सेकंदाला एक याप्रमाणे "गा, गा, गा". निवेदिकांनी आत माइकवर "बा, बा, बा" म्हटलं. ध्वनिमुद्रकाने तो आवाज ओठांच्या हालचालीखाली आणून बसवला. डबिंगवाल्यांचं हे रोजचंच काम, इथे फक्त ते मुद्दाम चुकवायचं होतं.

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. आवाज ओठांच्या बराच आधी येत होता. त्याने तो मागे सरकवला. या बाबतीत मेंदूचा हिशोब एकतर्फी आहे. आवाज ओठांच्या थोडा मागून आला तर तो चालवून घेतो, आधी आला तर पटकन पकडतो. नदीपलीकडे कुणी धुणं आपटत असेल तर हात आधी खाली आलेला दिसतो, धप् नंतर ऐकू येतं. उलटं आपण आयुष्यात कधी अनुभवलेलं नसतं.

दुसऱ्या खेपेला जमलं. डोळे उघडे: दा, दा, दा. डोळे मिटले: बा. उघडले: दा. आवाज तोच, स्पीकर तोच. मी चार वेळा डोळे उघडझाप करून पाहिले.

"पण ताई, आवाज मीच बसवताना ऐकलाय. 'बा' आहे हे मला पक्कं माहीत आहे," मुलगा म्हणाला.

"मग आता काय ऐकू येतंय?"

"...डा."

याला मॅकगर्क परिणाम म्हणतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड हे दोघे तान्ही मुलं बोलणं कसं ओळखतात याचा अभ्यास करत होते. त्यासाठी एका अक्षराच्या चित्रावर दुसऱ्या अक्षराचा आवाज बसवून घेतला, आणि फीत लावल्यावर दोन्ही सोडून तिसरंच अक्षर ऐकू आलं. आधी त्यांना वाटलं, जोडणीत गडबड झाली. १९७६ साली 'नेचर'मध्ये त्यांचा दोन-तीन पानांचा लेख आला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होतो 'ओठ ऐकणं आणि आवाज पाहणं'. गमतीदार मथळा आहे, पण मला वाटतं पुढच्या गोंधळाचं थोडं माप त्याच्याही पदरात घालायला हवं. ते वाचून कुणालाही सिनेस्थेशिया आठवेल. आमच्या मुलाला आठवलाच.

त्या पहिल्या लेखात ९८ टक्के प्रौढांना हा परिणाम जाणवल्याची नोंद आहे. पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं एकसारखं राहिलं नाही: काहींना दरवेळी जाणवतो, काहींना एकदाही नाही, आणि जपानी बोलणाऱ्यांवरच्या प्रयोगांत तो इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. आमच्या खोलीतही तेच. चहा घेऊन आलेल्या काकांना आम्ही धरून बसवलं. त्यांनी तीनदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "बा म्हणतोय की. त्यात काय?" मसुद्यातलं 'आपल्याला ऐकू येतं' तिथेच 'बहुतेकांना' झालं.

मला 'दा' आणि त्याला 'डा' का, हा प्रश्न मात्र मला सोडवेना. मूळ इंग्रजी प्रयोगात एकच 'ड'सारखा ध्वनी आहे. इंग्रजी कानाला द आणि ड यांत निवड करावी लागत नाही. मराठी कानाला लागते. म्हणून मी कागदावर वर्णमाला मांडली, आणि या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता तास तिथून सुरू झाला.

क ख ग घ ङ. खाली च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, शेवटी प वर्ग. वरून खाली उतरत गेलं की घशापासून ओठांपर्यंतचा प्रवास होतो: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आडवं गेलं की कठोर, मृदू, अल्पप्राण, महाप्राण, शेवटी अनुनासिक. आता 'गा' पहिल्या ओळीत, 'बा' शेवटच्या ओळीत. आणि ऐकू आलेले द, ड? मधल्या ओळींत. पण उभी रांग कोणती? ग, ड, द, ब, चौघंही तिसऱ्या रांगेतले. म्हणजे रांग जराही हलली नाही, हलली ती फक्त ओळ.

याला कारण आहे. अक्षर मृदू आहे की कठोर, हे कंठातल्या कंपनावर ठरतं. ते बाहेरून दिसत नाही, ते कानच सांगतो, आणि गोंगाटातही बऱ्यापैकी सांगतो. अक्षर तोंडात कुठे तयार झालं, याची खूण मात्र आवाजात नाजूक असते आणि गोंगाटात पहिली बुडते. पण तीच गोष्ट डोळ्याला थोडी दिसते, निदान ओठ मिटले की नाही एवढं तरी नक्की. म्हणून मेंदूने कामं वाटून घेतलीत. रांग कानाने सांगायची, ओळ सांगताना डोळ्याचंही ऐकायचं. आमच्या व्हिडिओत कान म्हणतोय 'ओठांजवळचं काहीतरी', डोळा म्हणतोय 'ओठ तर मिटलेच नाहीत, प वर्ग शक्यच नाही'. दोघांनाही फारसं न दुखावणारी जागा म्हणजे द किंवा ड. बाहेरून पाहणाऱ्याला 'गा' आणि 'दा' म्हणणारं तोंड सारखंच उघडं दिसतं, त्यामुळे डोळ्याची हरकत नाही. आणि आवाजाच्या बाबतीत 'बा'ला 'दा' पुरेसा जवळचा, त्यामुळे कानही गप्प बसतो.

पाठांतर करून घेताना वर्णमालेचा हा नकाशा कुणी मला दाखवला नव्हता. व्हिडिओत तो घ्यायचा हे तिथेच ठरलं, आणि त्यासाठी मुलाने लिहिलेला सेन्सरवाला परिच्छेद (गाडीतला कॅमेरा आणि रडार एकत्र कसे वापरतात वगैरे) काढून टाकला. त्याला वाईट वाटलं. मला नाही.

दूध, पाणी, तीळ, तांदूळ

मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी उलट जोडीही करून पाहिली होती: ओठ 'बा' म्हणणारे, आवाज 'गा'. तिथे तिसरं अक्षर तयार झालं नाही. लोकांना 'बग्बा', 'गाबा' अशा अक्षरजोड्या ऐकू आल्या. आम्हीही पाहिलं, ओठ मिटलेले इतके स्पष्ट दिसतात की मेंदूला ब नाकारता येत नाही, आणि ग तर खणखणीत ऐकू येतोय. मग दोन्ही शेजारी शेजारी.

इंग्रजीत या दोन निकालांना दोन नावं आहेत, आणि त्यांचं भाषांतर करायला मी बसणार तेवढ्यात आठवलं, की आपल्याकडे ही नावं शेकडो वर्षं पडून आहेत. अलंकारशास्त्रात एका श्लोकात दोन अलंकार आले तर विचारतात: वेगळे ओळखू येतात का? येत असतील तर ती संसृष्टी, तीळ आणि तांदूळ एकत्र केल्यासारखी. निवडून काढता येतात. येत नसतील तर तो संकर, दूध आणि पाणी मिसळल्यासारखा. 'दा' हा संकर. 'बग्बा' ही संसृष्टी. बाजूला ठेवलेला 'संकर' इथे कामी आला, तोही बियाण्याच्या अर्थाने नव्हे.

आणि याच न्यायाने मुलाच्या वाक्यातली चूक एका ओळीत सांगता आली. दूध आणि पाणी मिसळायचं तर दोन्ही ओतावी लागतात. सिनेस्थेशियात एकच ओतलेलं असतं.

कागदावर काळ्या शाईत ५ छापलाय. तो पाहणाऱ्या काही माणसांना काळ्या शाईसोबत हिरवंही जाणवतं. हिरवा कुणी दिलेला नाही, कागदावर नाही, दिव्यात नाही. एका संवेदनेने दुसरी न बोलावता आणली. कुणाला व्हायोलिनच्या सुराला रंग, कुणाला वारांना रंग, क्वचित कुणाला शब्द ऐकताच जिभेवर चव. निमित्त आत येतं आणि त्याच्यामागून एक आगंतुक. गाठ ठरलेली असते: पाचाला हिरवा म्हणजे हिरवाच, आणि तोही कुठलाही हिरवा नव्हे, विशिष्ट छटेचा. माणसामाणसांत मात्र मेळ नसतो. एकाचा हिरवा पाच दुसऱ्याला ऐकवला तर तो चिडून सांगतो की पाच लाल आहे. सहसा ही वाट एकेरीही असते. पाच पाहून हिरवा येतो, हिरवं शेत पाहून पाच येत नाही.

या अनुभवाची पहिली सविस्तर नोंद १८१२ सालची, गेओर्ग साक्स नावाच्या जर्मन वैद्याने स्वतःबद्दलच केलेली. 'सिनेस्थेशिया' हा शब्द या अर्थाने रुळला तो त्याच शतकाच्या शेवटी. मधल्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं 'ही माणसं कवी आहेत किंवा थापाडी' असाच बऱ्याच शास्त्रज्ञांचा सूर होता. तो बदलला एका साध्या चाचणीने. अक्षरांची, शब्दांची यादी देऊन रंग विचारायचे, आणि पूर्वसूचना न देता काही महिन्यांनी तीच यादी पुन्हा पुढे करायची. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सिनेस्थेशिया असणाऱ्यांची उत्तरं वर्षभरानंतर ९२ टक्के जुळली. इतरांची एका आठवड्यातच ३८ टक्क्यांवर आली. थाप इतकी लक्षात राहत नाही. २००६ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने असे लोक शंभरात चारच्या आसपास निघाल्याचं सांगितलं.

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मॅकगर्क सगळ्यांसाठी आणि सिनेस्थेशिया थोड्यांसाठी, असं लिहू का?"

"काकांना दाखवलंस ना? सगळ्यांसाठी कुठे? संख्येवर जाऊ नको. विचार असा की दुसऱ्या इंद्रियाला बाहेरून काही मिळालं का. मिळालं असेल तर तो मिलाफ. काहीच मिळालेलं नसताना तिथे काहीतरी उगवलं, तर सिनेस्थेशिया."

कानाला जिभा

एवढ्यावर भागलं असतं, पण निवेदिकांनी, त्या मराठीच्या एम.ए., एक रास्त शंका काढली. "आम्हाला तर कवितेत शिकवलं होतं हे. एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्याच्या शब्दांत सांगणं म्हणजे सिनेस्थेशिया. ते चूक?"

चूक नाही. समीक्षेत हा शब्द तसा चालतो, आणि मराठीइतकं त्याला कुरण कुठे मिळेल? ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आपल्या मराठी बोलांचं जे वर्णन केलंय, त्यात नादाला रंग आहेत, बोलांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात, आणि इंद्रियांत 'कळंभा' लागतो, म्हणजे भांडण जुंपतं: शब्द खरं तर कानाचा, पण जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला वाटतं हा सुगंध. ग्रीक शब्दाची आधुनिक व्याख्या होण्याच्या सहाशे वर्षं आधी ती सगळी घटना एका शब्दात आहे, आणि तो शब्द 'भांडण' आहे, याची मला अजून मजा वाटते.

रोजच्या बोलण्यातही आपण हेच करतो. आवाज गोड, टीका झणझणीत, रंग भडक किंवा थंड, बोलणं तिखट, चर्चा खमंग. पण 'गोड गळा' म्हणणाऱ्याच्या जिभेवर साखर येत नाही. तो आपल्या सगळ्यांना मिळून ठाऊक असलेल्या रूपकात बोलतोय. सिनेस्थेशिया असणाऱ्याला रूपक निवडायची मुभाच नसते. कवी उद्या त्याच सुराला निळा म्हणू शकतो. त्या माणसाचा सूर उद्याही तपकिरीच असणार. तेव्हा समीक्षेतला सिनेस्थेशिया ही अलंकाराची जात आणि मानसशास्त्रातला सिनेस्थेशिया हा अनुभव. नाव एक, कामं दोन. लेखात दोन्ही येणार असतील तर पहिल्याच वापरात कोणता ते सांगून टाकावं. आमच्या व्हिडिओत फक्त दुसरा येणार होता.

बाहुला आणि चकली

मिलाफाच्या बाजूला आणखी दोन उदाहरणं होती, ती मी राहू दिली.

एक शब्दभ्रमाचं. रामदास पाध्ये बोलतात आणि आपल्याला अर्धवटराव बोलताना ऐकू येतो. मुलाने लिहिलं होतं की शब्दभ्रमकार 'आवाज फेकतात'. आवाज कुणी फेकत नाही. तो निघतो तिथूनच निघतो. शब्दभ्रमकाराचे ओठ स्थिर, बाहुल्याचे हलते, आणि 'कुठून' हा प्रश्न आला की डोळ्याची नजर कानापेक्षा बारीक असल्यामुळे मेंदू डोळ्याच्या बाजूने निकाल देतो. जत्रेतल्या तंबूत कर्णा एका कोपऱ्यात असला तरी संवाद नायकाच्याच तोंडून येतात, ते यामुळे. पण डोळा काही कायमचा सरपंच नाही. डेव्हिड अलैस आणि डेव्हिड बर यांनी २००४ साली दाखवलं, की दिसणारी गोष्ट खूप पुसट केली तर जागा ठरवताना कान वरचढ होतो. ज्याची साक्ष त्या वेळी भरवशाची, त्याला जास्त मत.

दुसरं चकलीचं, हे माझं घुसडलेलं. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या (भारतीय तर्कशास्त्राच्या) जुन्या संस्कृत ग्रंथात, मनाची खूण सांगितली आहे: एका वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत, म्हणजे इंद्रियांच्या पलीकडे एकेकाला आत घेणारा कुणीतरी आहे, ते मन. यावर जुन्या चर्चांत हरकत येते ती शष्कुलीची. लांबलचक कुरकुरीत शष्कुली खाताना तिचं रूप, वास, चव, स्पर्श आणि कुर्रम आवाज एकदमच कळतात, त्याचं काय? उत्तर असं, की कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत सुईने भोसकली तर एकदम भोसकल्यासारखी वाटते, जाते मात्र एकामागून एक. चकली हा शब्द या शष्कुलीवरूनच आल्याचं सांगतात. आणि ऑक्सफर्डमध्ये मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ साली लोकांना माइकसमोर बटाट्याचे चिप्स चावायला लावून त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातला कुरकुरीत भाग वाढवला, की तेच चिप्स जास्त ताजे वाटत. नैयायिकांनी ज्या घासावर वाद घातला, त्याच घासावर प्रयोग झाला म्हणायचा. मऊ पडलेली चकली फक्त दाताला मऊ लागत नाही, कानालाही लागते.

काय ठरलं

'सिनेस्थेशिया' हा शब्द तसाच ठेवला. 'ॲनेस्थेशिया'च्या उच्चाराशी घराणं जुळतं म्हणून 'सिनेस्थीझिया' नको, हेच रूप. पण वाक्यातून तो उचलून शेवटच्या मिनिटात नेला, रंगीत आकडे दिसणाऱ्या माणसांच्या गोष्टीत, आणि तिथे 'एका संवेदनेमागून न बोलावता आलेली दुसरी' एवढं स्पष्टीकरण जोडलं. मूळ जागी आता असं आहे:

"ओठ एक सांगतात, आवाज दुसरं सांगतो. मेंदू दोघांचा मिलाफ करतो आणि आपल्यापैकी बहुतेकांना तिसरंच ऐकवतो. याला मॅकगर्क परिणाम म्हणतात."

'मिलाफ' निवेदिकांनी सुचवला. माझ्याकडे 'बहुसंवेदी एकात्मीकरण' तयार होतं; शास्त्रीय लेखात मी आजही तेच लिहीन, तिथे ते खपतं. पाचवीच्या वर्गात नाही. 'संकर' आणि 'संसृष्टी' मी टिपणात ठेवले, शिक्षकांच्या पुस्तिकेसाठी.

'दा' की 'डा' हा वाद मिटला नाही. वर्णमालेच्या चित्रात आम्ही दोन्ही घरं रंगवली, द आणि ड, आणि निवेदनात "तुम्हाला कोणतं ऐकू आलं?" एवढंच विचारलं.

आणखी एक अडचण शेवटच्या दिवशी निघाली. व्हिडिओखाली मराठी उपशीर्षकं द्यायची होती, मुख्यतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी. प्रयोगाच्या त्या नऊ सेकंदांखाली काय लिहायचं? 'बा' लिहिलं तर बघणाऱ्या सगळ्यांना आधीच सुगावा लागतो. 'दा' लिहिलं तर खोटं, तसा आवाज तिथे नाहीच. मोकळं सोडलं, तर ज्यांच्यासाठी उपशीर्षकं आहेत त्यांच्यापुढे फक्त ओठ, आणि ते तर ओठ वाचण्यात आपल्या सगळ्यांपेक्षा तरबेज. त्यांना 'गा' दिसणार आणि पुढचं निवेदन वेड्यासारखं वाटणार. शेवटी प्रयोगाच्या वेळी 'आवाज चालू आहे' एवढंच ठेवलं आणि तो संपताच दोन ओळी दिल्या: 'ओठांवर होतं: गा. स्पीकरमधून येत होतं: बा.' फाइल पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, की 'स्पीकरमधून' ऐवजी 'ध्वनिक्षेपकातून' करायचं का. म्हटलं, राहू दे.